८० दिवसांची नोकरी आणि तीन मीटर लांबीचे चित्र

होनोलुलूच्या कलासंग्रहालयात रेशमावर काढलेली एक आडवी चिनी चित्रगुंडाळी आहे. तिची उंची सुमारे ३० सेंटीमीटर, म्हणजे शाळेच्या दप्तरातल्या मोजपट्टीएवढी, आणि लांबी तीन मीटरांहून किंचित जास्त आहे. शाई आणि थोडे फिकट रंग एवढ्याच साहित्याने तिच्यात ११ प्रसंग काढले आहेत आणि त्या सर्व प्रसंगांचा नायक एकच आहे. कुठे तो शेवंतीची फुले खुडतो, कुठे दारू उधारीवर आणवतो, कुठे काठी घेऊन अन्न मागायला निघतो. ही गुंडाळी चेन होंगशोउ या चित्रकाराने १६५० मध्ये पूर्ण केली. तिचा नायक ताओ युआनमिंग हा कवी त्याआधी सव्वाबाराशे वर्षांपूर्वी, म्हणजे ४२७ मध्ये, वारला होता.

प्रथमदर्शनी हे एका प्राचीन कवीच्या साध्या, खेडवळ जगण्याचे गौरवचित्र वाटते. ते तसे आहेच. परंतु त्या काळातला शिकलेला चिनी माणूस हे चित्र पाहताना मनाशी दोन प्रश्न विचारत असे: हे कोणासाठी काढले, आणि कोणत्या वर्षी काढले? या दोन प्रश्नांची उत्तरे कळली की शेवंतीच्या फुलांमागे दडलेला फार अवघड विषय दिसू लागतो. राज्य बुडाल्यावर, किंवा राज्यकर्ते पटेनासे झाल्यावर, शिकलेल्या माणसाने सरकारी पदावर राहावे की घरी निघून जावे, हा तो विषय. चिनी विद्वानांनी तो भाषणांतून मांडला त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा चित्रांतून मांडला, कारण चित्रातून तो मांडणे कमी धोक्याचे होते.

पाच मापे तांदूळ

ताओ युआनमिंगचा जन्म परंपरेनुसार ३६५ च्या सुमाराचा. आजच्या जिआंगशी प्रांतातल्या लू पर्वताच्या पायथ्याशी, चायसांग परिसरात, त्याचे घर होते. त्याचे पणजोबा ताओ कान हे नामांकित सेनापती असल्याचे मानले जाते, परंतु ताओच्या काळापर्यंत घराण्यात नावाखेरीज फारसे काही उरले नव्हते. त्याने अधूनमधून लहानमोठ्या नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. अखेर ४०५ मध्ये तो पंगझ नावाच्या तालुक्यावर अधिकारी म्हणून गेला. हे पद का मागितले, ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे: घरात मुले पुष्कळ, रांजणात धान्य नाही, तो तालुका घरापासून फार दूर नाही, आणि तिथल्या सरकारी शेताच्या उत्पन्नातून दारूपुरते धान्य सहज निघेल. इतक्या सरळपणे स्वतःची गरज सांगणारा सरकारी अधिकारी त्या काळच्या साहित्यात मला तरी दुसरा आठवत नाही.

ती नोकरी ८० दिवसांहून थोडी जास्त टिकली. ती सोडण्याची कारणे दोन ठिकाणी वेगवेगळी सांगितलेली आहेत. ताओ स्वतः म्हणतो की बहीण वारली, तिच्या अंत्यविधीला जाण्याची ओढ लागली, शिवाय आपला स्वभावच अशा कामाला जुळणारा नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रांत मात्र वेगळा प्रसंग येतो. वरिष्ठ कचेरीतून तपासनीस येणार होता आणि हाताखालच्या कारकुनाने ताओला सुचवले की कमरपट्टा बांधून, औपचारिक वेषात सामोरे जावे. त्यावर ताओने सुस्कारा टाकला, पाच मापे तांदळासाठी अशा माणसापुढे मी कंबर वाकवणार नाही असे म्हटले, आणि त्याच दिवशी पदाचा शिक्का सोडून तो घरी निघाला. आपण मान तुकवणे म्हणतो, त्या जागी चिनी भाषेत कंबर वाकवणे येते. ‘पाच मापे तांदळासाठी कंबर न वाकवणे’ हा तिथला वाक्प्रचार आजही जिवंत आहे.

त्यानंतरची सुमारे २२ वर्षे ताओने गावीच काढली. तो शेती करत असे, पण कुशल शेतकरी नव्हता, आणि ही गोष्ट त्याने लपवली नाही. ‘बागेत आणि शेतात राहायला परतलो’ या अर्थाच्या शीर्षकाखाली त्याच्या पाच कविता आहेत. त्यांपैकी एकीत तो सांगतो की दक्षिणेच्या डोंगराखाली घेवडा पेरला, तण दाट आले आणि रोपे विरळ उगवली. पहाटे उठून खुरपणी केली आणि चांदण्यात कुदळ खांद्यावर टाकून परतलो. वाट अरुंद, गवत उंच, दवाने कपडे भिजले. कपडे भिजल्याचे दुःख नाही, मनात होते ते मोडले नाही म्हणजे झाले. ज्याने स्वतः वाफ्यात वाकून काम केले नाही, त्याला तण आणि रोपे यांचे हे व्यस्त प्रमाण सुचणार नाही. ४०८ मध्ये त्याचे घर जळाले आणि पुढे उपासमारीचे दिवसही आले. म्हणून त्याच्या आयुष्याला ‘निसर्गाच्या कुशीतले निवांत जीवन’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्याची एक ओळ चीनमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ असते: पूर्वेच्या कुंपणाखाली शेवंती खुडतो, आणि सहज नजर जाते दक्षिणेच्या डोंगराकडे. या एका ओळीमुळे शेवंती हे ताओचे फूल झाले. कोणत्याही चिनी चित्रात सैल झग्यातला माणूस शेवंतीजवळ दिसला, तर तो बहुधा ताओ असतो. दारापुढची पाच वाळुंजाची झाडे, तारा नसलेले वाद्य आणि दारूचा घडा या त्याच्या आणखी काही खुणा. मूर्तीच्या हातातल्या आयुधांवरून देव ओळखावा, तशी ही ओळख चालते.

विद्वानांनी काढलेली चित्रे

ज्याला चिनी विद्वज्जनांची चित्रकला म्हणतात, ती समजून घेताना आधी एक साधी भौतिक गोष्ट लक्षात घ्यावी. चीनमध्ये लिहिण्याचा कुंचला आणि चित्राचा कुंचला एकच, शाई एकच, कागद किंवा रेशीमही एकच. स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी झालेला माणूस लहानपणापासून कुंचल्याने अक्षर गिरवत असे. त्याच्या हाताला रेघेचा दाब, वेग आणि थांबणे हे सर्व आधीच अवगत असायचे. त्यामुळे त्याने बांबू किंवा खडक काढला, तर पाहणारे तो हुबेहूब आहे का यापेक्षा रेघ कशी चालली आहे हे पाहत आणि रेघेवरून माणूस ओळखत. अकराव्या शतकातल्या सू शि या कवीने हा विचार ठसठशीतपणे मांडला: जो चित्राची पारख केवळ साम्यावरून करतो, त्याची समज पोराच्या पातळीवरची आहे.

हाच सू शि ताओ युआनमिंगला पहिल्या रांगेत आणणाऱ्यांपैकी प्रमुख होय. ताओला त्याच्या हयातीत आणि नंतरची काही शतके थोर कवी मानले जात नव्हते. सहाव्या शतकातल्या झोंग रोंग या समीक्षकाने कवींची तीन श्रेणींत वर्गवारी केली, तेव्हा ताओला मधल्या श्रेणीत बसवले आणि ‘संन्यस्त कवींचा मूळपुरुष’ असे त्याचे वर्णन केले. सू शिला राजकारणातल्या पराभवामुळे हद्दपार व्हावे लागले, अगदी हायनान बेटापर्यंत जावे लागले. त्या दिवसांत त्याने ताओच्या शंभराहून अधिक कवितांना त्याच यमकांत उत्तरे लिहिली. पद सोडून गेलेला कवी पदावरून हाकललेल्या कवीचा सोबती झाला, आणि तेव्हापासून ताओचे चित्र काढणे म्हणजे स्वतःविषयी काहीतरी सांगणे असा पायंडा पडला.

या पायंड्याचा अर्थ तेराव्या शतकात आणखी टोकदार झाला. १२७९ मध्ये मंगोलांनी दक्षिण सोंग राज्य संपवले. त्यानंतर छ्येन शुआन या चित्रकाराने नव्या राजवटीची नोकरी धरली नाही. ताओ नावेतून घरी परततो आहे असे त्याने काढलेले चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात कवी नावेच्या टोकाशी उभा आहे आणि किनाऱ्यावर घर व वाळुंजाची झाडे वाट पाहत आहेत. त्याच गावचा, सोंग राजघराण्यातला झाओ मेंगफू मात्र १२८६ मध्ये मंगोल दरबारात रुजू झाला आणि मोठ्या पदाला चढला. या झाओनेही ताओची ‘घरी परतणे’ ही रचना आपल्या अप्रतिम हस्ताक्षरात एकाहून अधिक वेळा उतरवून काढली. न गेलेल्या माणसानेही जाण्याची कविता पुन्हापुन्हा लिहावी, यातून ताओ या विद्वानांच्या मनात किती खोलवर रुतला होता ते कळते.

आडवी गुंडाळी पाहण्याची रीतही इथे सांगायला हवी. ती भिंतीवर टांगत नाहीत. जुन्या जन्मपत्रिकेची गुंडाळी आपण वरून खाली उलगडतो, तशी ही उजवीकडून डावीकडे उलगडायची. टेबलावर ठेवून डाव्या हाताने हातभर भाग मोकळा करायचा, पाहून झालेला भाग उजव्या हाताने गुंडाळत जायचा. म्हणजे एका वेळी एखाद-दुसराच प्रसंग डोळ्यांपुढे राहतो आणि पाहणारे दोघेतिघेच असतात. हे चित्र सभेसाठी नसून मित्रासाठी असते आणि पत्रासारखे वाचले जाते.

ज्याने काढले आणि ज्याला पाठवले

चेन होंगशोउ हा जजिआंग प्रांतातल्या झूजी गावचा. त्याचा जन्म सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीचा, मृत्यू १६५२ चा. त्याला अधिकारी व्हायचे होते, पण वरच्या परीक्षांत यश आले नाही. त्याने आयुष्यभर चित्रांवर पोट भरले, म्हणजे व्यवहाराने तो धंदेवाईक चित्रकार आणि मनाने विद्वान, अशा दोन दगडांवर उभा होता. बीजिंगला जाऊन त्याने काही काळ राजधानीचा अनुभव घेतला, दरबारी चित्रकाराचे पद नाकारले आणि १६४३ मध्ये परत आला.

पुढच्याच वर्षी मिंग राज्य कोसळले. बंडखोर बीजिंगमध्ये शिरले, सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला, आणि काही आठवड्यांतच उत्तरेकडून आलेल्या मांचू सैन्याने राजधानी ताब्यात घेऊन छिंग राजवट सुरू केली. चेनच्या ओळखीतल्या माणसांनी त्यानंतर जे केले, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याच्या ज्येष्ठ मित्रांपैकी नी युआनलू याने बीजिंग पडताच जीव दिला. त्याचे गुरू लिउ झोंगझोउ यांनी १६४५ मध्ये अन्न सोडून देह ठेवला. मित्र छी प्याओजिआ याने त्याच वर्षी आपल्या बागेतल्या तळ्यात स्वतःला बुडवून घेतले. चेन जगला. १६४६ मध्ये त्याने डोके भादरून बौद्ध भिक्षूचा वेष घेतला आणि स्वतःला नवे नाव दिले, ज्याचा अर्थ होतो ‘पश्चात्ताप, पण उशिरा’. आयुष्याच्या उरलेल्या वर्षांत त्याने चित्रांवर याच ‘उशीर’ या शब्दाच्या सह्या केल्या.

ज्याच्यासाठी ही गुंडाळी काढली तो झोउ लियांगगोंग याने वेगळा रस्ता धरला होता. १६१२ मध्ये जन्मलेला हा विद्वान मिंग राजवटीत अधिकारी होता, आणि १६४५ मध्ये नव्या राजवटीची चाकरी स्वीकारून गुंडाळी काढली तेव्हा फूजिआन प्रांतात पदावर होता. झोउचे वडील एके काळी चेनच्या गावी अधिकारी होते, त्यामुळे या दोघांची ओळख झोउच्या लहानपणापासूनची. झोउ चित्रांचा वेडा होता. चित्रकारांच्या आठवणींचे जे टिपण त्याने लिहिले, त्यात तो सांगतो की पूर्वी कितीही विनवले तरी चेन त्याच्यासाठी चित्र काढायला तयार होईना. पुढे हांगझोउच्या सरोवराकाठी भेट झाली तेव्हा मात्र चेन आपणहून आनंदाने तयार झाला आणि ११ दिवसांत त्याने ४२ चित्रे काढून दिली. आपण विचारलेले नसताना चित्र काढून देण्याची वेळ आली आहे असे चित्रकाराला का वाटले असावे, यावर झोउने नंतर बराच विचार केलेला दिसतो.

आपली गुंडाळीही त्याच काळातली. तिच्या शेवटी चेनने लिहिले आहे की झोउने ती उन्हाळ्यात मागितली, हांगझोउच्या सरोवराकाठी तिचे काम झाले आणि हिवाळ्यात ती झोउकडे पाठवली. म्हणजे पद सोडणाऱ्या माणसाचे चित्र, पद न सोडणाऱ्या मित्राला, त्याच्याच मागणीवरून. अनेक अभ्यासक या चित्राला मित्राने मित्राला दिलेली हळुवार पण स्पष्ट समज मानतात, आणि मला ते पटते. चेनने चित्रात कुठेही झोउचे नाव घेऊन उपदेश केलेला नाही. त्याला तशी गरज नव्हती.

अकरा प्रसंग

प्रत्येक प्रसंगाला चेनने दोन अक्षरी शीर्षक आणि काही शब्दांची टीप दिली आहे. उजवीकडून सुरुवात केल्यास क्रम असा: शेवंती खुडणे, गडी पाठवणे, राळे पेरणे, घरी परतणे, दारू नसणे, शिक्का सोडणे, उधारीची दारू, पंख्याची प्रशंसा, भेटवस्तू नाकारणे, भीक मागणे, दारू गाळणे.

इथे चाणाक्ष वाचकाला एक विसंगती दिसेल. घरी परतण्याचा प्रसंग चौथा आहे आणि शिक्का सोडण्याचा सहावा. चरित्राच्या क्रमाने पाहिले तर आधी राजीनामा हवा, मग प्रवास. चेनला ताओचे चरित्र ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही, ते तर त्या काळच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असे. मग हा क्रम जाणूनबुजूनच ठेवला असणार. माझी समजूत अशी की चेनला गोष्ट सांगायची नव्हती. मागचे दार आणि पुढचे दार एकाच वेळी दाखवणारी मांडणी त्याला हवी होती: मन आधी घरी पोहोचते आणि हातातला शिक्का नंतर खाली ठेवला जातो. ज्याच्या हातात शिक्का अजून आहे अशा माणसाला गुंडाळी उलगडताना हे अचूक लागले असेल.

घरी परतण्याच्या प्रसंगात वाऱ्याने ताओची वस्त्रे फडफडताना दाखवली आहेत. मूळ रचनेत नाव हलकेच डुलते आणि वारा अंगावरचा झगा उडवतो अशी ओळ आहे. चेनने नाव गाळली, नदी गाळली, घरही गाळले आणि फक्त वारा ठेवला. कोरे रेशीम आणि फडफडणारे वस्त्र यांच्यापलीकडे तिथे काहीही नाही.

शिक्का सोडण्याच्या प्रसंगावरची टीप सर्वांत कठोर आहे. तिचा आशय असा: पोट भरण्यासाठी आलो, कंबर वाकवायची वेळ आली, तेव्हा निघालो, विस्कटलेल्या काळात बाहेर पडणे आणि घरी राहणे असे असते. ‘बाहेर पडणे आणि घरी राहणे’ ही चिनी विचारातली जुनी जोडी आहे. बाहेर पडणे म्हणजे पद घेणे, घरी राहणे म्हणजे ते न घेणे. ‘विस्कटलेला काळ’ हा शब्द १६५० मध्ये, नवी राजवट स्थिरावत असताना लिहिणे ही साधी गोष्ट नव्हती. चौथ्या-पाचव्या शतकाविषयी लिहिले आहे असे म्हणायची सोय होती, एवढेच.

गडी पाठवण्याच्या प्रसंगामागची कथा मला या सर्वांत जास्त जवळची वाटते. ताओ तालुक्याच्या ठिकाणी एकटा गेला होता. तिथून त्याने घरी मुलाकडे एक गडी पाठवला आणि सोबत चिठ्ठी दिली: लाकूड-पाणी आणण्याचे कष्ट तुला एकट्याला झेपत नसतील, म्हणून याला पाठवतो आहे, हाही कोणाचा तरी मुलगा आहे, याला नीट वागव. सोळाशे वर्षांपूर्वीची ही एका ओळीची आज्ञा. चेनने अकरांत तिला दुसरे स्थान दिले, यावरून त्याला ताओमध्ये काय मोलाचे वाटत होते ते दिसते.

राळे पेरण्याचा प्रसंग घरगुती आहे. पंगझच्या सरकारी शेतात ताओने सगळीकडे चिकट राळे पेरायला सांगितले, कारण त्याची दारू चांगली होते. बायकोने तांदळासाठी आग्रह धरला, तेव्हा एक लहानसा तुकडा भाताला दिला आणि बाकी मोठा भाग राळ्यालाच ठेवला. चरित्रकारांनी ही गोष्ट कौतुकाने सांगितली असली तरी घरची गृहिणी काय म्हणत असेल, हा प्रश्न वाचताना मनात येतोच. दारू नसणे आणि उधारीची दारू हे प्रसंगही याच धाग्यातले. एका अधिकारी मित्राने २०,००० नाणी दिली तेव्हा ताओने ती सर्व दारूच्या दुकानात जमा ठेवली आणि तिथून हळूहळू दारू आणत राहिला, अशी नोंद आहे.

पंख्याची प्रशंसा हा प्रसंग मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. ताओने एका पंख्यावरच्या चित्राविषयी प्रशस्ती लिहिली होती आणि त्या पंख्यावर त्याच्याही आधीचे संन्यस्त पुरुष काढलेले होते. त्यांत कन्फ्यूशियसच्या शिष्याला भेटलेला, काठीवर खुरपणीची टोपली लटकवून चाललेला तो प्रसिद्ध म्हाताराही होता. म्हणजे इथे चेन ताओचे चित्र काढतो आहे, चित्रातला ताओ जुन्या माणसांच्या चित्राची वाखाणणी करतो आहे, आणि झोउ हे सर्व हातात घेऊन पाहतो आहे. एखादी ज्योत दुसऱ्या ज्योतीने लावत जावी, तशी ही पाहणाऱ्यांची रांग आहे आणि तिच्यात पुढची जागा झोउची आहे, हे त्याला न सांगताही कळावे.

त्यानंतर लगेच दोन प्रसंग शेजारीशेजारी येतात. पहिल्यात भेटवस्तू नाकारली जाते. चरित्रानुसार ताओ आजारी आणि उपाशी असताना तान दाओजी हा बडा अधिकारी भेटायला आला, म्हणाला की आता चांगले दिवस आहेत, तुम्ही उगाच स्वतःला का कष्टवता, आणि त्याने धान्य व मांस पुढे केले. ताओने हाताच्या इशाऱ्याने ते परत पाठवले. दुसऱ्यात तोच ताओ भीक मागायला निघतो. या विषयावर त्याची स्वतःची कविता आहे: भुकेने घराबाहेर ढकलले, कुठे जातो आहे ते कळले नाही, चालत चालत एका वस्तीत आलो, दार वाजवले आणि तोंडातून शब्द नीट फुटेनात. घरधनी न सांगताच समजला, त्याने जेवू घातले, संध्याकाळपर्यंत गप्पा झाल्या. शेवटी कवी म्हणतो की तुमचे हे ऋण फेडायला माझ्याजवळ काही नाही. अधिकाऱ्याचे मांस नको, पण शेजाऱ्याच्या दारात उभे राहण्याची लाज चालेल. या दोन प्रसंगांमध्ये रेशमावर जी मोकळी जागा आहे, ती या गुंडाळीतली सर्वांत बोलकी जागा असे मी म्हणेन.

रेघ अशी का?

चेनची माणसे पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटतात. डोकी मोठी, चेहरे लांबट, वस्त्रांच्या चुण्या गोल आणि तारेसारख्या एकसारख्या जाडीच्या. मागे ना डोंगर, ना झाडी. हे हात बसला नाही म्हणून नव्हे. चेन मुद्दाम चौथ्या शतकातल्या, म्हणजे ताओच्याच काळातल्या गू काइजर या चित्रकाराच्या नावाशी जोडलेल्या जुन्या रेघेची आठवण जागी करत होता. ताओ त्या काळचा असेल, तर त्याला त्या काळच्या रेघेत उभे करायचे.

झोउच्या टिपणातच चेनच्या लहानपणाची एक आठवण आहे. हांगझोउच्या विद्यालयात ली गोंगलिन या सोंगकालीन चित्रकाराच्या चित्रांवरून कन्फ्यूशियसच्या ७२ शिष्यांच्या प्रतिमा दगडांवर कोरलेल्या होत्या. छोट्या चेनने दहा दिवस दार लावून त्यांच्या प्रती काढल्या आणि लोकांना विचारले, जमले का? लोक म्हणाले, हुबेहूब. त्याला आनंद झाला. त्याने पुन्हा दहा दिवस बसून प्रती काढल्या आणि पुन्हा विचारले. या वेळी लोक म्हणाले, आता मुळासारखे दिसत नाही. त्याला आधीपेक्षा जास्त आनंद झाला. या गोष्टीत विद्वज्जनांच्या चित्रकलेचा सगळा अभ्यासक्रम आहे: आधी जुन्याला पूर्ण आत घ्यायचे, मग आपल्या हाताने त्याला वाकवायचे.

शेवटचा प्रसंग

गुंडाळी डाव्या टोकाला पोहोचते तेव्हा ताओ दारू गाळतो आहे. कथा अशी की घरची दारू तयार झाली की तो डोक्यावरचे जाडेभरडे शिरोवस्त्र काढून त्यातूनच ती गाळत असे आणि गाळून झाल्यावर तेच वस्त्र परत डोक्याला बांधत असे. शिरोवस्त्र ही शिकलेल्या माणसाची खूण होती. तिचा असा वापर करणे आणि नंतर ती ओलीच पुन्हा डोक्यावर चढवणे, यातला सहजपणा जुन्या वाचकांना फार आवडे.

परंतु १६५० मध्ये डोके हा साधा विषय राहिला नव्हता. १६४५ मध्ये नव्या राजवटीने आज्ञा काढली होती की पुरुषांनी कपाळाकडचे केस भादरून मागे वेणी ठेवावी. ती न पाळणाऱ्याला मृत्युदंड होता आणि या आज्ञेवरून यांगत्से नदीच्या दक्षिणेला शहरेच्या शहरे रक्तात न्हाली. भिक्षू होऊन सगळेच डोके भादरणे ही वेणीतून सुटण्याची एक वाट होती आणि चेनने ती धरली होती. झोउ सरकारी पदावर असल्यामुळे त्याच्या पाठीवर वेणी असणारच.

त्या दोघांच्या मधोमध रेशमावरचा ताओ शिरोवस्त्र काढतो, त्यातून दारू गाळतो आणि त्याच्या डोक्यावरचे केस कोणी कापलेले नाहीत.